काचेचा महाल तुम्ही बांधा, चादर आम्ही आणतो

तुमच्या संस्थेला नवी इमारत बांधायची आहे ना? मग आर्किटेक्टकडे जायच्या आधी माझं थोडं ऐकून घ्या. मी इंजिनिअर नाही. पण परवाच पुतणीच्या गुणपत्रिकेत आडनावातलं एक अक्षर दुरुस्त करून घ्यायला शहराबाहेरच्या एका कोऱ्या करकरीत शैक्षणिक संकुलात पावणेचार तास काढून आलोय. (संस्थेचं नाव विचारू नका, दुरुस्ती अजून व्हायची आहे.) मे महिना, दुपारचे दोन आणि गाव सोलापूर. एवढ्या तपश्चर्येवर मला सल्ला द्यायचा अधिकार आहे.

तर आधी फोटो ठरवा, मग इमारत. ड्रोन वरून फिरला की निमंत्रणपत्रिकेवर कशी दिसेल, एवढं पक्कं झालं की निम्मं काम संपलं. आत कोण बसणार, कुठे उभं राहणार, पाणी कुठे पिणार, हे तपशील भूमिपूजनाच्या भाषणात घुसवू नयेत. कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रात हिरवळ हवीच. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे त्या हिरवळीला कुणी सांगू नका म्हणजे झालं.

जागेवरचे कडुनिंब पहिल्या दिवशी तोडा. सावलीत इमारत नीट दिसत नाही.

गेटपासून मुख्य दारापर्यंत मोकळं पटांगण ठेवा आणि ते काळ्या फरशीनं मढवा. मी मोजली, दोनशे बारा पावलं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा आपली सावलीही पायाखाली दडून बसते. तिला कळतं, आर्किटेक्टला कळत नाही.

आता काच. लावा. भरपूर लावा, आणि आठवणीनं पश्चिमेलाच लावा. पुढचा रस्ता पश्चिमेला आहे, तेव्हा दर्शनी बाजू तीच. दर्शनी बाजू म्हणजे आपल्या संस्थेची प्रतिष्ठा, आणि प्रतिष्ठा निळ्या काचेशिवाय दिसत नाही, हे आता सगळ्यांनाच मान्य आहे. ऊन त्या काचेतून आत येतं, टेबलं, कपाटं, फायली तापवतं, आणि तापलेल्या टेबलाची उष्णता तशीच काचेतून बाहेर पडत नाही, आतच कोंडते. थंड देशांत याच युक्तीनं काचघरात टोमॅटो पिकवतात. आपण कारकून पिकवतो. मी गेलो त्या खोलीत असे सहा जण पिकत होते. एकानं डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला होता, सोलापुरीच. आणि त्याच्या मागच्या काचेवर, खिडकीच्या चौकटीला सुतळीनं बांधलेली, मोराच्या नक्षीची अख्खी डबल चादर! उजव्या कोपऱ्यात एक मोर उलटा लटकत होता. बाहेरून पाहिलं तर त्या निळ्या महालाच्या तिसऱ्या मजल्यावर असे आठ-दहा मोर दिसतात. कुठे वर्तमानपत्र, कुठे पुठ्ठा, एका ठिकाणी कुणाचा तरी निवडणुकीचा फ्लेक्स. मी म्हटलं, पडदे नाहीत का? तो म्हणाला, "प्रस्ताव गेलाय काका. चारनंतर इथं तवा होतोय बघा, भाकरी टाकली तर कडक होऊन निघंल."

एसी? आहे की. साहेबांच्या केबिनला. ती उत्तरेला आहे.

इथे माझा उपरोध थोडा ढिला पडतोय, माफ करा. ही उत्तरं कुणी शोधून काढायची बाकी होती का हो? ह्याच गावात जुन्या गिरणीचा भोंगा 1877 पासून वाजायला लागला. गिरण्यांच्या मागाच्या शेडला करवतीच्या दातांसारखं छप्पर असायचं, आणि त्या दातांची उभी काच उत्तरेकडे. का? तर उजेड सारखा मिळावा, कापडावरचा दोष दिसावा, आणि ऊन थेट मागावर पडू नये. मालकाला कामगारांचा पुळका होता म्हणून नव्हे, सूत आणि कापड बिघडू नये म्हणून. म्हणजे सुताची जेवढी काळजी तेव्हा घेतली गेली तेवढी आज शिकणाऱ्या पोरांची घेतली जात नाही. आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं. हात लांब करून बसता येईल एवढा रुंद खिडकीचा कट्टा, कारण भिंतच तेवढी जाड. बाहेर आग ओकत असायची आणि आत आजी गोधडी शिवत बसायची. तिला काही हिटलोड, म्हणजे इमारतीत शिरणाऱ्या उष्णतेचा हिशेब, वगैरे माहीत नव्हतं. अप्पासाहेब वारदांनी सोलापुरातच बांधलेलं इंद्रभुवनही काही गरिबाचं घर नव्हे, चांगला दिमाखदार महाल आहे. म्हणजे थाट आणि सावली दोन्ही एका इमारतीत जमतं. आणि संकुलच बघायचं असेल तर बंगळुरूचं आयआयएम बघा. पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी फत्तेपूर सिक्रीवरून सुचलेल्या चौकांचं आणि लांबलचक सावलीतल्या वाटांचं ते केलं. 2018 मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. पण तुम्ही अभ्यासदौरा कुठे काढता? दुबईला.

असो. सल्ले संपलेले नाहीत.

भिंतीला भेगा पडल्या तर काळ्या मातीवर ढकला. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हे खरंच आहे. ते आधीपासून माहीत असताना पक्का मुरूम लागेपर्यंत का खोदलं नाही, असं विचारणारा माणूस उद्घाटनाला बोलवायचाच नाही.

पाट्या इंग्रजीत. बी-विंग, सी-विंग. आलेला बाप तीन वेळा चुकला की व्यायाम होतो.

पायऱ्या मात्र भव्य हव्यात, देवळासारख्या. नियमावली म्हणते शैक्षणिक इमारतीत पायरी 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको. म्हणू दे. रॅम्पसुद्धा करा, कारण तपासणीच्या यादीत त्याची चौकट असते. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, एवढी जागा कुठून आणणार? म्हणून उभा, घसरगुंडीसारखा करा, आणि वर पोचल्यावर समोर कुंडी ठेवा.

ही कुंडी मी बघितली. शेवंतीची होती, वाळलेली. व्हीलचेअरवरचा एक मुलगा खाली थांबला होता. लिफ्टवर ‘काम चालू आहे’. त्याच्या दोन मित्रांनी एक-दोन-तीन म्हणून त्याला खुर्चीसकट उचललं आणि एकोणीस पायऱ्या चढवलं. मध्ये एकदा टेकले. तो मुलगा खाली बघत होता. आजूबाजूचे आम्ही सगळे मोबाइलमध्ये बघत होतो, मीसुद्धा.

बास झाली गंमत. 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, नकाशा मंजूर करणारे आहेत, बिल पास करणारे आहेत, कोनशिलेवर नावं सोनेरी अक्षरांत आहेत. त्यातल्या एकालाही त्या रॅम्पवरून स्वतः चाक ढकलत वर जावंसं वाटलं नाही? मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे, शिपाई साहेबांच्या गाडीबरोबर. माझी पुतणी पावणेचार तास थांबली, आणि बाटलीतलं पाणी तिनं मुद्दाम प्यायलं नाही. ऐन मे महिन्यात! लाज वाटायला पाहिजे. कोट्यवधीचा महाल उभा करता आणि पोरींना एक दार उघडं ठेवता येत नाही? त्या काचेच्या पैशात किती कडुनिंब जगले असते, किती व्हरांडे झाले असते, कधी हिशेब मांडलात? पैसे आमच्याच फीमधले आहेत. बांधून झालं की तुम्ही मोटारीतून हात हलवत निघून जाता, आणि त्या तव्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं आमची पोरं बसतात.

अक्षर दुरुस्त झालं नाही. सही करणारे साहेब मीटिंगला होते. सोमवारी या, म्हणाले.

निघताना टॉवेलवाल्यानं हळूच विचारलं, "काका, तुमच्या घरी एखादी जुनी चादर असंल तर सोमवारी येताना आणता का? कोपऱ्यातली एक काच अजून उघडीच हाय."

काढून ठेवलीय. सिंगल आहे, पुरेल का बघू.