नोकरी शोधायला लागणारे पैसे

पुण्याला निघताना आईनं पिशवीत एक वही टाकली होती. "खर्च लिहीत जाय, म्हंजी हात आखडता राहतो." बी.एस्सी. केमिस्ट्री झालं होतं, परभणीतल्या कॉलेजात पहिल्या दहात होतो, वर्ष-दीड वर्षात काहीतरी होईल असं घरात सगळ्यांनी धरलेलं. आज त्याला बावीस महिने झाले. काल रात्री वही पहिल्या पानापासून वाचली आणि झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय. लांब होईल, पण जमल्यास शेवटपर्यंत वाचा.

राहण्या-खाण्याचा खर्च आधी बाजूला ठेवतो. कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत पाच जण. मेस आहे, अभ्यासिकेचे पैसे आहेत. महिन्याला सात हजारांच्या खाली काही येत नाही. तो खर्च जगण्याचा म्हणू. मला सांगायचाय तो फक्त नोकरी मागण्याचा खर्च.

सरकारी फॉर्म भरले १९. फी गेली १४,३०० रुपये. सेवा केंद्रावर फॉर्म भरून घेणं, फोटो, झेरॉक्स, दाखले यात २,९००. परीक्षेला जाण्या-येण्याचे ११,७००. एका कन्सल्टन्सीला दिलेले २,५००. बेरीज ३१,४००.

२०२४-२५ च्या हंगामात वडिलांनी, म्हणजे नानांनी, सोयाबीन विकलं ते क्विंटलला चार हजार शंभरनं. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता, पण केंद्रावरची रांग आणि ओलाव्याची अट बघून त्यांनी अडतीवरच घातलं. म्हणजे माझ्या ३१,४०० साठी साडेसात क्विंटलच्या वर सोयाबीन गेलं. आमच्या रानात एकरी सहा उतरलं तरी देवाची कृपा. सव्वा एकराचं पीक मी नुसतं "मला काम द्या" म्हणण्यात घालवलंय. काल हे गणित कागदावर पहिल्यांदा मांडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याच्याकडे कमाई नाही त्याच्याकडूनच नोकरी मागण्याचे पैसे घेणं हा अन्याय आहे आणि तो थांबला पाहिजे. जागा कमी आहेत हे मला कळतं. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागा, अर्ज सतरा लाखांवर. जागा एका दिवसात वाढणार नाहीत. फी मात्र एका शासन निर्णयानं कमी होऊ शकते.

त्या तलाठी भरतीची फी खुल्या प्रवर्गाला १,००० आणि मागास प्रवर्गाला ९०० होती. सगळ्यांनी कमी रक्कमच भरली असं धरा आणि अर्ज फक्त दहा लाख धरा, तरी नव्वद कोटी होतात. त्याच वर्षीच्या जिल्हा परिषद भरतीतही तोच दर, शिवाय प्रत्येक पदाला वेगळी फी. ज्यानं दोन-तीन पदांसाठी अर्ज केला त्यानं दोन-तीन हजार मोजले.

आता यूपीएससी बघा. देशातली सगळ्यात अवघड समजली जाणारी नागरी सेवा परीक्षा. तिथं पूर्वपरीक्षेची फी १०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तीही माफ. कलेक्टर व्हायचा अर्ज शंभर रुपयांत होतो आणि त्याच कलेक्टरच्या हाताखालच्या तलाठ्याचा अर्ज हजाराला. राजस्थाननं २०२३ मध्ये एकदाच नोंदणी शुल्क भरा आणि पुढच्या परीक्षा द्या अशी पद्धत आणली. एका राज्याला जमतं ते महाराष्ट्राला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

फी नसली तर गंभीर नसलेली मुलंही अर्ज करतात, असं सांगितलं जातं. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. आमच्या खोलीतला एक जण रात्री दोन वाजेपर्यंत एका बिस्कीटपुड्यावर अभ्यास करतो. त्यानं मागच्या महिन्यात एक फॉर्म सोडला, कारण त्याच आठवड्यात मेसचे पैसे द्यायचे होते. तो गंभीर नव्हता का? हजार रुपयांनी गांभीर्य मोजायचं ठरवलं तर ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तोच गंभीर ठरतो.

प्रवासाचं तर वेगळंच. एका परीक्षेला मी परभणी आणि पुणे असे पर्याय दिले होते. केंद्र आलं अमरावतीला. सकाळची शिफ्ट, साडेसातला हजर राहायचं. म्हणजे आदल्या दिवशी निघणं आलं. रात्री एसटी स्टँडवर बाकड्यावर पाठ टेकली. शेजारी गंगाखेडकडची एक मुलगी आणि तिचे वडील होते. ती मोबाईलच्या उजेडात चालू घडामोडी वाचत होती, वडील डासांना टॉवेलनं हाकत बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "हिला एसटीत अर्धं तिकीट लागतं, मला पूर्ण. पण एकटीला कसं धाडायचं?" ते दुसऱ्याच्या रानात सालानं होते, दोन दिवसांची सुट्टी मागून आले होते. पोरीला परीक्षेला पाठवायचं म्हणजे बरोबर एक माणूस आलाच, त्याचं तिकीट, त्याचं जेवण, त्याचा बुडालेला रोज. हा खर्च कुठल्याच जाहिरातीत छापलेला नसतो. पहाटे तिनं वडिलांच्या पाया पडून वही त्यांच्या हातात दिली आणि नळावर तोंड धुवायला गेली. तिचा निकाल काय लागला ते मला माहीत नाही. अजूनही आठवण येते.

खाजगीकडे का जात नाही, असं काही जण विचारतात. जातो की. साठच्या वर ठिकाणी अर्ज केले, सात ठिकाणांहून उत्तर आलं. लॅबमधल्या नोकरीला पहिला प्रश्न अनुभवाचा, आणि मागतात ती मशीन आमच्या कॉलेजात आम्ही काचेतून बघितलेली. भोसरीतल्या एका कन्सल्टन्सीनं रजिस्ट्रेशनचे २,५०० घेऊन चाकणच्या एका कंपनीचा पत्ता दिला. गेटवरच्या वॉचमननं सांगितलं, इथं महिनाभर कुणाला घेतलेलंच नाही. वर म्हणाला, "या आठवड्यातला तू चौथा." परत गेलो तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं दाखवलं, रक्कम परत मिळणार नाही. मी भांडलो नाही. भांडायला हवं होतं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आमच्या गावातले दोघं लागले होते. पदवीधराला महिन्याला १०,०००, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. दोघांनी ऑफिसात मनापासून काम केलं, संगणकावरच्या नोंदी तेच करायचे. मुदत संपली, दोघं घरी. अनुभवाचं प्रमाणपत्र आहे, पण ते दाखवायचं कुठं?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या (आयएलओ) २०२४ च्या अहवालात भारतातल्या तरुणांबद्दल एक आकडा आहे. २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के. माझ्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत असलेला एक मित्र आज ऊसतोडीला जातो. त्याला बेकार राहणं परवडतच नाही. मला परवडतं, कारण नाना सोयाबीन विकतात. मी शिकलोय याचा घराला आजवर झालेला फायदा काय, हे मला त्यांच्यासमोर बसून सांगता येणार नाही. तेही विचारत नाहीत. फोनवर फक्त म्हणतात, "जेवला का?"

म्हणून मागणी साधी आहे. वर्षातून एकदा नोंदणी शुल्क घ्या, सगळ्या भरतींना तेच चालवा. केंद्र उमेदवाराच्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात द्या. परीक्षा रद्द झाली तर आम्ही न मागता फी खात्यात परत टाका, खातं क्रमांक तुमच्याकडे असतोच. आणि नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे घेणाऱ्यांवर कामगार खात्यानं धाडी घालाव्यात. आमदार-खासदारांच्या ओळखीचे कुणी हे वाचणाऱ्यांत असतील तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. ज्यांनी स्वतः असे फॉर्म भरलेत त्यांनी आपापली बेरीज खाली लिहा. रक्कम लहान असली तरी लिहा.

आज सकाळी बहिणीचा फोन आला. तिचं बी.कॉम. या उन्हाळ्यात संपलं. "दादा, जाहिरात निघालीय, शेवटची तारीख सोमवार. भरू का? नानांना मी अजून बोलले नाही."

भर म्हणालो. वहीत नवीन पान काढलं, वर तिचं नाव लिहिलं आणि खाली १,०००.