चार मिनिटांची अश्वशक्ती

कंपनीने दिली तेव्हा माझ्या गाडीत ११८ अश्वशक्ती होती. ट्यूनिंगवाल्याने लॅपटॉप जोडला, टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवला आणि तासाभरात तिची १५० झाली. ११८ होती तेव्हा मी सगळीच्या सगळी वापरायचो. १५० झाल्यापासून साठाच्या पुढे जायची छाती होत नाही.

चूक माझीच. निघताना नको तो प्रश्न विचारला, "इंजिन टिकेल ना?"

"टिकेल की," तो म्हणाला, "फक्त जरा जपायचं." त्या 'जरा'त माझी तीन वर्षं गेली.

पहिलं कलम असं की थंड इंजिनावर पाय दाबायचा नाही. उभ्याउभ्या तापवत बसायचंही नाही, कारण थंडपणी जास्तीचं सोडलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे चालवतच तापवायचं, पण वरातीतल्या घोड्याच्या चालीने. दीडशे घोडे आणि सगळे वरातीतले! पाण्याचा काटा लवकर मध्यावर येतो आणि भोळ्या माणसाला वाटतं, झालं. ऑइल मात्र सावकाश तापतं. त्याच्यासाठी मी वेगळा मीटर बसवून घेतलाय. तो नव्वद अंश दाखवेपर्यंत मागचे हॉर्न वाजवतात आणि मी मीटरकडे बघत बसतो.

ऑफिसचा रस्ता अठरा मिनिटांचा. त्यातली पहिली बारा ऑइलची. शेवटची दोन टर्बोची, कारण त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि जोरात पळवून एकदम किल्ली फिरवली तर तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल करपून त्याचा कोळसा होतो. उरली चार मिनिटं. त्या चार मिनिटांत दोन सिग्नल आणि एक शाळा येते.

"मग हळूच चालव की," बाबा म्हणाले. बाबांचं शास्त्र सोपं आहे. पटापट टॉप गिअर टाकायचा आणि गाडी कुथली तरी खाली उतरायचं नाही, पेट्रोल वाचतं. मी त्यांना समजावलं की थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनाला नेमकं हेच सोसत नाही. कमी फेऱ्यांवर एकदम पाय दाबला तर कधीकधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टन अजून वर येत असतो आणि समोरून स्फोट येतो. एवढ्याने पिस्टनचा तुकडा पडू शकतो.

"म्हणजे जोरात चालवायची नाही आणि हळूही नाही. मग तू चालवतोस तरी कशी?"

"घाबरत," मी म्हणालो.

बाबा तेव्हापासून बसने जातात.

गेल्या महिन्यात चढावर टकटक ऐकू आली. नॉकिंग! म्हणजे मिश्रण भलत्या वेळी पेटून इंजिनात बसणारा ठोका. अंगाला घाम फुटला. रेडिओ बंद, एसी बंद, बायकोचं बोलणंही बंद करायला गेलो, ते जमलं नाही. स्कॅनर लावला. ठोका ऐकला की संगणक ठिणगी काही अंश मागे घेतो, ते आकडे त्यावर दिसतात. आकडा शून्य. टकटक चालूच. दोन दिवस झोप नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि आतली डबी माझ्या हातात ठेवली. त्यात स्पेअर स्पार्क प्लग होते. दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं, म्हणून ०.८ मिलिमीटरची फट ०.६ करून, अडीअडचणीला असावेत म्हणून मीच ठेवलेले.

ऑइलबद्दल फार बोलत नाही, घरात विषय तापतो. कंपनी १५,००० किलोमीटर म्हणते, मी ५,०००लाच बदलतो. जुन्यातलं थोडं बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतो, धातू किती झिजला ते कळावं म्हणून. परवा दोन रिपोर्ट एकाच दिवशी आले. एकात लोह जरा वाढलेलं होतं, ते वाचून मी खुर्चीत बसलो. दुसऱ्यात लोह फारच कमी होतं. "बरं झालं," मी म्हणालो, "हे तर उत्तम आहे."

तो बायकोच्या रक्ताचा होता.

शेवटी वाढलेल्या लोहाचा कागद घेऊन ट्यूनिंगवाल्याकडे गेलो. त्याने कागद बाजूला ठेवला आणि गाडीतली नोंद लॅपटॉपवर उघडली. बराच वेळ वरखाली करत राहिला.

"साहेब, सहा महिन्यांत तुमचा पाय जास्तीत जास्त त्रेचाळीस टक्के दबलाय."

"त्रेचाळीस? कधी?" मी दचकलो. "ऑइल तापलेलं होतं ना तेव्हा?"