मिक्सरच्या तिसऱ्या हिश्श्याची सायकल

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, मला सायकल येते. लहानपणी तासावर भाड्याने मिळायची ना, मोठ्या माणसांची, दांडा असलेली, तिच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकलेय, गुडघ्यावर खुणा आहेत अजून. त्यामुळे गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्याकडे इलेक्ट्रिक सायकल आली तेव्हा ह्यात शिकायचं काय असंच मला वाटत होतं, आणि पुढे जे काही झालं ते ह्या 'मला येते'मुळेच झालं.

घेतली का, तर घर मालवणात वायरीच्या बाजूला आणि शाळा वर कुंभारमाठाच्या अंगाला, मधे चढ. गुडघे बोलायला लागलेले. स्कूटर शिकायची तर लायसन्स, लायसन्स म्हणजे तो आठचा आकडा, आणि आठ काढताना पाय टेकला की नापास हे ऐकूनच मी तो विषय दहा वर्षांपूर्वी मिटवला होता. मग भाचा म्हणाला, मावशी, मोटर २५० वॉटच्या आतली असेल आणि २५ च्या स्पीडला ती आपोआप बंद होत असेल तर लायसन्स नको, नंबरप्लेट नको, काही नको. २५० वॉट! अहो आमचा मिक्सर ७५० वॉटचा आहे. म्हणजे मिक्सरच्या तिसऱ्या हिश्श्याची मोटर, ती मला काय करणार? (मिक्सरला झाकण न लावता चटणी फिरवली तर काय होतं हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं.)

तर पहिला दिवस. भाचा चार्जरचा खोका आणायला आत गेला आणि तेवढ्यात मी म्हटलं एक चक्कर मारून बघूया. सायकल चालू करून ठेवलेली होती. आता आमच्या पिढीच्या बायका सायकलवर कशा बसतात, डावा पाय पेडलवर, उजव्या पायाने जमिनीला दोन टोले, सायकल जरा चालायला लागली की मग आरामात सीटवर. चाळीस वर्षांची सवय. पण ह्या सायकलला काय माहिती की पेडलवर आलेला पाय बसायला आलाय की जायला? पेडल जरा फिरलं की तिच्यातला सेन्सर मोटरला सांगतो, बाई निघाली, लाव जोर. वर त्या छोट्या स्क्रीनवर लेव्हल होती पाच, म्हणजे फुल्ल. पेडल अर्धं फिरलं आणि सायकल निघाली, मी अजून एका पायावर. घाबरलं की माणूस काय करतो, हाताला लागेल ते घट्ट धरतो, आणि माझ्या उजव्या हाताला लागली होती रेसची मूठ. ती आवळता आवळता पिरगळली गेली.

समोर शेजारच्या काकींचं खळं, म्हणजे अंगण. खळ्यात सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घातलेली, आणि बाजूला घमेलं, त्यात रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, मीठ घातलेला रस, पुन्हा पुन्हा त्यात बुडवून सालांना पुटं चढवायची म्हणून. सायकल फणसाच्या मुळाशी थांबली. मी घमेल्यात थांबले.

उठून उभी राहिले ती डोक्यापासून पायापर्यंत लाल. काकी मागच्या दारातून बाहेर आल्या आणि त्यांनी जी किंकाळी फोडली, "अगो बाय माझे, रगत गो रगत!" ती बहुतेक किल्ल्यावर ऐकू गेली असेल. पाच मिनिटांत खळ्यात पंधरा माणसं. कोणी हळद आणली, कोणी रिक्षा बोलवायला पळालं, आमचे हे तर नुसते माझं मनगट धरून उभे, नाडी आहे की नाही बघत. मी आपली सांगतेय, अहो मला काही झालेलं नाही, पण लाल तोंडाच्या बाईवर कोण विश्वास ठेवणार. शेवटी काकींनीच जवळ येऊन वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मेल्या, ह्या रगत नाय. ही माझी सोलां!" त्यानंतरची सहानुभूती सगळी सोलांकडे गेली. अब्रूचं खोबरं होतं म्हणतात, माझ्या अब्रूचं आमसूल झालं.

दुसऱ्या दिवसापासून भाच्याने क्लास सुरू केला, पहाटे सहाला, मैदानात, कोणी बघायच्या आत. एकोणीस वर्षांचा पोरगा आणि मी त्याची विद्यार्थिनी. आधी ब्रेक धर, मग सीटवर बस, मग चालू कर, आणि लेव्हल एक, मावशी, एक. ब्रेकचं असं की त्याची दांडी जरा दाबली की मोटरचा करंट तुटतो, म्हणून बसताना, थांबताना, कोणाशी बोलताना बोटं ब्रेकवर. ही एक गोष्ट मला आधी माहिती असती तर काकींची वर्षभराची सोलकढी वाचली असती. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, दोन्ही एकदम, हळूहळू. वळताना पेडल मारायचं नाही, नाहीतर वळणाच्या मधेच ती जोर लावते आणि आपण वळायच्या ऐवजी सरळ गटारात. आणि जिथे बघशील तिथे जाशील, म्हणाला. हे मात्र शंभर टक्के खरं. मैदानाच्या कडेला एकच माड आहे. मी त्या माडाकडे बघायचं नाही बघायचं नाही असं म्हणत म्हणत तीन वेळा त्याच्यापर्यंत पोचले.

दहा दिवसांनी रस्त्यावर. आता तारकर्ली रोड ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, रस्ता चिंचोळा, दोन्ही बाजूला माड आणि घरांचे गडगे, आणि सीझनला समोरून एमएच ०९ आणि एमएच १२ च्या मोठमोठ्या गाड्या, आतल्या माणसांना समुद्र कधी दिसतो ह्याची घाई आणि मी मधे. त्यांना घाबरून कडेला जावं तर कडेला वाळू. वाळूत पुढचं चाक गेलं की हँडल आपलं ऐकत नाही, आणि गाडीचं वजन पंचवीस किलो, म्हणजे पडली की ती आपल्यावर पडते, आपण तिच्यावर नाही. पण गाड्यांपेक्षा मोठी भानगड म्हणजे ह्या सायकलला आवाजच नाही. आमच्याकडे माणसं रस्त्यावरून चालताना कानाने बघतात, मोटरसायकल आली की न बघता बाजूला होतात, माझ्यासाठी कोण होणार? एक मासेवाली मावशी डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या मधून चाललेली, मी अगदी मागे जाऊन "जरा बाजूला" म्हटलं तर ती अशी दचकली की दोन बांगडे रस्त्यावर. "गो बाय, भुतासारखी खयसून इलंस? घंटी वाजव, नायतर खोक तरी!" घंटी होती, पण ती चिमणीसारखी. त्या दिवसापासून वळण आलं की मी "इलंय, इलंय" असं ओरडत जाते. बाजारातून चांगली पितळी घंटी आणली तरी ती सवय गेली नाही.

मग चढ. दुकानातला माणूस म्हणाला होता एका चार्जिंगला चाळीस किलोमीटर. ते सपाट रस्ता, लेव्हल एक आणि बहुतेक बसणारी चाळीस किलोची असेल तर. कुंभारमाठाच्या चढाला लेव्हल पाच लावली की बॅटरीच्या चार दांड्यांतल्या दोन डोळ्यांदेखत जातात. पहिल्या आठवड्यात रात्री चार्जिंग करायला विसरले आणि चढाच्या मधोमध स्क्रीन काळी. बॅटरी संपलेली ही सायकल म्हणजे माहेरी आलेली थोरली नणंद, स्वतः काही करत नाही आणि हलवत पण नाही. ढकलत निघाले तर प्रत्येक जण थांबून विचारतोय, "टीचर, पेट्रोल संपला?" आता काय सांगणार.

उतार त्याहून वाईट. मी विज्ञान शिकवते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट हे दरवर्षी फळ्यावर लिहिते, पोरं जांभया देतात, मी ओरडते. आणि मोटर २५ ला बंद होते म्हणजे सायकल २५ च्या पुढे जात नाही असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, अहो पण मोटर बंद होते, उतार कुठे बंद होतो! शाळा सुटल्यावर खाली येताना आकडा ३१ दिसला आणि पुढे वळणावर रस्त्यात म्हैस बसलेली. ब्रेक दाबले, दोन्ही, हळूहळू वगैरे काही नाही, असेल नसेल तेवढा जोर. १५ ला जेवढ्यात थांबायची त्याच्या चौपट अंतर लागणार हे मला त्या क्षणी फळ्यासकट आठवलं. म्हशीच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर थांबले. तिने वळून पण बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तो धडा असा काही शिकवलाय मी, एक पोरगा जांभई देईल तर शपथ.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते, नाही चालवली. म्हणजे जूनचे पहिले चार दिवस चालवली, मग आमच्या रस्त्याला कडेने जे हिरवं शेवाळ येतं त्यावर मागचं चाक घसरलं आणि मी मुकाट्याने छत्री आणि रिक्षा. श्रावणात उघडीप असली की तेवढी बाहेर काढायचे, ती पण रस्त्याच्या सुक्या भागातून, सुपारीच्या गळलेल्या पानांच्या ओल्या विऱ्या चुकवत.

चार्जिंगचं खातं मात्र सासूबाईंकडे आहे. रात्रभर लावून झोपायचं नाही, गादीवर ठेवायचं नाही, भिजून आली तर पुसून सुकल्याशिवाय लावायची नाही, वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, एवढं भाच्याने एकदा सांगितलं आणि त्यांनी ते सोवळ्यासारखं पाळायला घेतलं. बॅटरी काढून आणायची, लादीवर ठेवायची आणि त्या समोर खुर्ची टाकून बसतात, दूध उतू जाईल म्हणून बसावं तशा. लाल दिवा हिरवा झाला की हाक येते, "गो, शिजला!" चार तासांत फार तर अर्धा युनिट जळतं हे मी त्यांना हिशोब मांडून दाखवलं, ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर, त्यावर त्या म्हणाल्या, मग फ्रीज बंद करून हीच ठेवूया.

परवा पुन्हा मे महिना लागला. मी शाळेच्या कामाला निघाले होते, हेल्मेट, ओढणी आत खोचलेली, दोन्ही बोटं ब्रेकवर, बसले, मग चालू केली, लेव्हल एक. काकींच्या खळ्यात चटईवर सोलं पसरलेली, बाजूला घमेलं. मी लांबूनच दोनदा घंटी वाजवली. काकी न बोलता उठल्या, घमेलं उचलून आत नेऊन ठेवलं, मग चटईचं एक टोक धरून ती भिंतीपर्यंत ओढली, आणि चटईसमोर स्वतः उभ्या राहिल्या, हातात केरसुणी.

"जा आता," म्हणाल्या.