सुई टोचण्याआधीचे काम

सप्रेम नमस्कार.

आपला आक्षेप असा, की गरीब देशांत बालकांचे लसीकरण अडते ते लसींचा तुटवडा आणि मोडकी शीतसाखळी (लस बाळापर्यंत थंड ठेवून पोहोचवण्याची व्यवस्था) यांमुळे. तेव्हा स्थानिक आरोग्यसेवकांवर पैसा घालणे म्हणजे परिचारिकांच्या जागी स्वस्तातली माणसे नेमणे होय. यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. पेटीत लस नसेल तर घरोघरी फिरून काही साधत नाही. उलट एकदोनदा हात हलवत परतलेली आई पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. मात्र त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष पटत नाही.

लस असूनही ती बाळाला मिळत नाही, असेही सर्रास घडते. गोवराची लस बहुधा दहा मात्रांच्या कुपीत येते आणि ती एकदा विरघळवली की सहा तासांत किंवा सत्र संपताच उरलेली टाकून द्यावी लागते. सत्राला दोनच बाळे आली, तर आठ मात्रा वाया जातील या धास्तीने परिचारिका कुपी फोडत नाही आणि आयांना पुढच्या वेळी यायला सांगते. (यात दोष तिचा नाही, वाया गेलेल्या मात्रांचा हिशेब मागणारे वरिष्ठ चुकलेल्या बाळांचा हिशेब क्वचितच मागतात.) कोणत्या घरातले मूल नऊ महिन्यांचे झाले, कोणते कुटुंब शेतीच्या हंगामासाठी स्थलांतरित झाले, हे ठाऊक असलेली व्यक्तीच पुरेशी बाळे एकाच दिवशी जमवू शकते. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या मात्रा साधारणतः ६, १० आणि १४ आठवड्यांना दिल्या जातात. त्यानंतर गोवराच्या लसीपर्यंत जो मोठा खंड पडतो, त्यात पुष्कळ बाळांचा माग सुटतो, आणि तो घेणे केंद्रात बसून होत नाही.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. इथिओपियाने २००३ मध्ये सुरू केलेल्या योजनेत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन सरकारी पगारावर नेमले गेले, आणि त्या स्वतः लस टोचतात. मलावीतही हे काम प्रामुख्याने पगारी आरोग्य साहाय्यकच करतात. आपला रोख बिनपगारी राबवून घेण्यावर असता, तर मी आपल्याच बाजूने बोललो असतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा सेवकांना कामाचा रीतसर मोबदला देण्याची शिफारस केली आहे.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लसीकरण, कुटुंबनियोजन, मलेरिया, पोषण, स्वच्छता अशी एकेक जबाबदारी त्याच व्यक्तीच्या माथी मारली जाते, आणि वेळ अपुरा पडला की बाळांचा माग घेण्याचे काम सर्वांत आधी मागे पडते.