लकवा, पाण्याचा घोट आणि ‘एसीत बसून’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

लकव्यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “शहरात एसीत बसून ‘पेशंटच्या तोंडात थेंबभर पाणी घालू नका’ सांगायला काय जातं? आमच्या गावापासून सीटी स्कॅन दीड तासावर आहे.” शिवाय घरात अ‍ॅस्पिरिन असून न देणं चूक, १०८ ची रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, आणि रक्ताच्या उलटीवर मी दोनच ओळी खरडल्या, हेही मुद्दे आहेत.

ओळी दोनच होत्या, मान्य.

पण ‘एसीत बसून’? मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर होते. रात्रपाळीला डॉक्टर, मी आणि एक मावशी, एवढीच माणसं. पावसाळ्यात घाटात दरड आली की रेफर केलेला पेशंट अर्ध्या वाटेतून परत आमच्याकडेच यायचा. तुम्हाला हे माहीत नसेल, मग विचारायचं होतं. अनोळखी बाईला चार लोकांत असं बोलायचं आणि शेवटी ‘राग नसावा’ जोडायचं, ही कुठली रीत? राग आलेला आहे.

आणि पाण्याचं मला कुणी शिकवू नये. माझ्या वडिलांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, तेव्हा शेजाऱ्यांनी मायेनं त्यांना चहा पाजला. लकव्यात गिळणं बिघडतं. चहा श्वासनलिकेत गेला, न्यूमोनिया झाला, आणि हाताआधी छातीचेच उपचार करत बसावं लागलं. दीड तासाचा रस्ता असेल तर ही काळजी जास्तच हवी, कारण गाडीत ठसका लागला तर घशात अडकलेलं ओढून काढणारं सक्शन मशीन कुठून आणणार?

वेळेचंही तेच. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर रात्री किती वाजता झोपला, ते डॉक्टरांना सांगा. तुमचा दीड तास वजा केला तरी तीन उरतात. ते जातात तेल चोळण्यात, कांदा हुंगवण्यात आणि ‘थोडं पडू दे, बरं वाटेल’ म्हणण्यात. निघतानाच फोन करून सीटी चालू आहे का विचारा, म्हणजे बंद मशीनच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार नाही.

अ‍ॅस्पिरिनचं थोडक्यात : लकवा गुठळीनं झाला की मेंदूत रक्तस्राव होऊन, हे नुसतं बघून कुणालाही कळत नाही, सीटीतच कळतं. रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते. हार्ट अटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिन देण्याचा सल्ला इथे लावू नका. बीपीची कॅप्सूल फोडून जिभेखाली देणं तर बंदच करा. बीपी धाडकन उतरलं तर मेंदूला उरलंसुरलं रक्तही मिळत नाही. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर जरूर बघा, कारण ती खूप उतरली की हुबेहूब लकव्यासारखं दिसू शकतं.

१०८ वर मी इथे वाद घालणार नाही. फोन करा, गाडी लांब असेल तर मिळेल ती जीप काढा.

रक्ताची उलटी झाली तर पेशंटला कुशीवर झोपवा, तोंडानं काही नाही, दुखण्याची गोळी तर नाहीच, आणि लगेच निघा. डांबरासारखी काळी शौच झाली तरी तीच घाई. त्यावर सविस्तर लेख लिहीन, पण तुम्ही दरडावलंत म्हणून नव्हे.