परतीचं पेट्रोल आणि लेफ्टनंट सेकी

माझा भाचा एनडीएची तयारी करतोय. काल त्याने घरच्या ग्रुपवर तो फिरून फिरून आलेला मेसेज टाकला: 'जपानचे कामिकाझे! हसत हसत पुढे आले. विमानात परतीचं पेट्रोल नाही, बाहेरून दार ठोकलेलं, ओठांवर फक्त सम्राटाचं नाव. आणि आजची पिढी मोबाईलमध्ये!' खाली ताईने हात जोडलेत. आता मात्र राहवत नाही.

कामिकाझे म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब लावलेलं विमान घेऊन शत्रूच्या जहाजावर आदळणारे जपानी वैमानिक. आधी दाराचं उरकून टाकतो. त्यांच्या झीरो या लढाऊ विमानाला ठोकायला दारच नव्हतं, वर सरकती काच होती. पेट्रोलचं म्हणाल तर शत्रूचं जहाज सापडलं नाही की ही विमानं माघारी यायची. पहिल्या तुकडीचा प्रमुख, नौदलाचा लेफ्टनंट युकिओ सेकी, स्वतः असा हात हलवत परत आला होता. ओका नावाच्या माणूस बसवलेल्या बॉम्बमधून परतणं शक्य नव्हतं, तेवढं मान्य. पण ते १९४५ मधलं.

संताप येतो तो 'हसत हसत'चा. सेकी २३ वर्षांचा, लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते. ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधला माबालाकातचा तळ. रात्री वरिष्ठाने बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, नेतृत्व करशील का? फौजेत असं 'विचारणं' म्हणजे काय, ते आमच्या भाच्यालाही लवकरच कळेल. हात वर करणारेही होते, नव्हते असं नाही. पण सेकी डोमेई वृत्तसंस्थेच्या ओनोदा या वार्ताहराशी काय बोलला ते बघा. माझ्यासारखा वैमानिक मारायची वेळ आली म्हणजे जपानचं संपलंच. न आदळताही मी विमानवाहू जहाजाच्या डेकवर बॉम्ब टाकून दाखवीन. आणि सम्राटासाठी वगैरे नाही, मी बायकोसाठी जातोय.

झालं सम्राटाचं नाव!

२५ ऑक्टोबरला तो गेला. त्या दिवशी अमेरिकेची 'सेंट लो' ही विमानवाहू नौका बुडाली. युद्ध चालू होतं तोवर लोकांसाठी त्याची आई युद्धदेवाची आई होती. हरल्यावर त्याच लोकांनी तोंड फिरवलं. पोटासाठी ती फेरी करून माल विकायची, पुढे एका शाळेत शिपाईकाम करायची. १९५३ मध्ये गेली.

ताई, तू जोडलेले हात मी तिच्यासाठी समजतो.