शैव म्हणजे अद्वैती आणि वैष्णव म्हणजे द्वैती?

शैव आणि वैष्णव पंथांवरच्या लेखात शैवांना अद्वैती (जीव आणि ईश्वर एकच मानणारे) आणि वैष्णवांना द्वैती (दोघांना वेगळं मानणारे) ठरवलं आहे, ते मला अजिबात पटलं नाही. वैष्णवांतच रामानुजांचं विशिष्टाद्वैत (जीव आणि जग ही ईश्वराचीच अंगं), मध्वाचार्यांचं द्वैत आणि वल्लभाचार्यांचं शुद्धाद्वैत (मायेशिवायचं अद्वैत) आहे. आपल्या मुंबईतल्या भुलेश्वरच्या पुष्टिमार्गी हवेल्या, म्हणजे कृष्णमंदिरं, या शेवटच्या परंपरेतल्या. शैवांतही काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त पक्के अद्वैती, तर तमिळ शैवसिद्धान्त जीव आणि शिव यांना वेगळं मानतो.

मुंबईत तर याचं उदाहरण एकाच तळ्याकाठी सापडतं. वाळकेश्वरच्या बाणगंगेवर कवळे मठ आहे, स्मार्त (शिव, विष्णू, देवी अशा पाच देवांना सारखंच मानणारा) आणि अद्वैती. तिथेच काशी मठ आहे, माध्व म्हणजे मध्वाचार्यांच्या द्वैती परंपरेचा. दोन्हींचे शिष्य गौड सारस्वतच. आडनावं बहुधा तीच, आपसात सोयरिकीही होतात. कोण कुठल्या मठाचा हे घराण्याच्या गुरुपरंपरेने ठरतं, तत्त्वज्ञानाच्या वादात कोण जिंकलं यावर नाही.

आणि वारकरी कुठे बसवणार? ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा नाथपंथी, म्हणजे शैव, ‘अमृतानुभवा’त शिवशक्तीचं अद्वैत, आणि ओढ पंढरीच्या विठ्ठलाची. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी लिहिताना हे सुटायला नको होतं. लेखकांनी पुढच्या भागात यावर जरूर लिहावं.